उजव्या दाराची मूठ

कागदावर पेन्सिल घासून उमटवलेला आकडा
एलादियोने खिडकीच्या काचेवर धरला.
चार, एक,
मग तीन किंवा आठ,
मग नुसता गंज.
"आठ असेल तर आपली.
तीन असेल तर लॉरीची."
कागद उलटा करून त्याने पुन्हा बघितला,
जणू पाठीमागून आकडा खरं बोलेल.

सत्तावीस सालची हपमोबील
अकरा वर्षं विटांवर उभी आहे आमच्या शेडमध्ये.
डाव्या दाराच्या मुठी आमच्यापाशी पाच.
दोन दुरास्नोच्या भंगारवाल्याकडच्या,
एक रोसारियोहून नदी ओलांडून आली
लोकरी मोज्यात गुंडाळलेली,
उरलेल्या दोन कुठून आल्या, आता आठवत नाही.
उजवी नाही.
उजवी कुणाकडेच नाही.

पंचेचाळीस सालापर्यंत आमचा उरुग्वे
रस्त्याच्या डाव्या कडेने चालायचा.
चालक बसायचा उजवीकडे.
जे दार रोज उघडतं
ते आधी झिजतं, एवढंच.

ती सापडली सारांदीच्या पुढे, मातीच्या रस्त्यावर,
आम्ही पाणी मागायला थांबलो तेव्हा.
कोंबड्यांच्या खुराड्याला मोटारीचं दार,
दाराला मूठ,
मुठीला दोन्या नेलिदा एचेव्हेरींचा हात.
"गाडीचं बाकीचं कुठंय?"
"एकोणसाठच्या पुरात गेलं.
पाणी ओसरलं तर तारेच्या कुंपणात
हे दार अडकलेलं.
सासरे म्हणाले, देणाऱ्याने दार दिलंय,
आता घर आपण बांधू."

एलादियोने खिशातून लोहचुंबक काढलं.
चिकटलं नाही.
पितळ!
त्याचे कान लाल झाले.
किंमत विचारली.
"कोंबड्यांना विचारा," ती म्हणाली.
"ही काढली तर रात्री कोल्ह्याला काय सांगू?"
नाकापेक्षा मोती जड असं मी पुटपुटलो,
तोवर तो गुडघ्यांवर बसून
मुठीच्या खालच्या अंगाला कागद लावत होता.
एकवीस कोंबड्या बघत होत्या.

मग साचा. डाव्या मुठीवरून उजवी,
म्हणजे आरशातली कोरायची.
दोनदा ओतीव फसलं, हवेचे फोड आले.
तिसऱ्यांदा निघाली ती अशी चकचकीत
की खुराड्याला लावायची लाज वाटावी.

नेलिदाने ती तीनदा फिरवली.
"नको."
"का?"
"घट्ट आहे. माझ्या दोन्ही हातांत बादल्या असतात,
दार मी कोपराने उघडते."

तेव्हा एलादियो, ज्याने आयुष्यभर
झिजलेलं नवं केलं,
त्या दुपारी लिंबाच्या झाडाखाली बसून
कानस घेऊन नव्याला झिजवत होता.
थोडं घासायचं, लावायचं, तिला हाक मारायची.
ती बादल्या घेऊन यायची, रिकाम्याच,
कोपर लावायची,
मान हलवायची.
साठ वर्षांचा सैलपणा
उतरायला सूर्यास्त झाला.
शेवटी ती काही बोलली नाही,
दारातून आत गेली आणि अंडी घेऊन आली.

घरी आल्यावर जुनी मूठ रॉकेलमध्ये ठेवली.
सकाळी तारेच्या ब्रशने दोन हात मारले.
चार, एक, तीन.

बराच वेळ आम्ही दोघे अंडी खात होतो.
गाडी म्हणाली होती ती.
कसली गाडी, ते आम्हीच विचारलं नव्हतं.

चौकोनी दांडा केसभर जाड निघाला.
एलादियोने तोही घासला.
अंगठ्याच्या जागी पडलेला खळगा मात्र
भरू दिला नाही, निकेलही चढवू दिलं नाही.
आता आमची हपमोबील कोपराने उघडते.

आणि प्रदर्शनात कुणी चष्मा सावरत
मुठीखालचा आकडा वाचायला वाकलं,
की तो पुढे होतो,
"बसून तर बघा," म्हणतो,
आणि दार सताड उघडतो.